संदर्भ क्रमांक ७

माझ्या आयुष्यातल्या पहिल्या पेपरबद्दल संपादकीय कार्यालयाचा जो मेल आला, त्यात गणिताबद्दल एक अक्षर नव्हतं. गणित दोन परीक्षकांनी आधीच तपासलं होतं. एकाने सुटलेलं उणे चिन्ह पकडलं होतं, ते मी दुरुस्त करून पाठवलं होतं. आता फक्त 'स्वीकारला' हा शब्द यायचा होता. त्याऐवजी आलं ते असं: संदर्भसूची आमच्या शैलीत नाही, ती बसवून द्या. शिवाय संदर्भ क्रमांक ७ अपूर्ण आहे. प्रकाशकाचं नाव आणि डीओआय द्या, नाहीतर तो काढून टाका. मुदत सात दिवस.

संदर्भ क्रमांक ७ असा होता: डी. आर. कापरेकर, 'द मॅथेमॅटिक्स ऑफ द न्यू सेल्फ नंबर्स', खासगीरीत्या छापलेलं, ३११ देवळाली कॅम्प, देवळाली, १९६३.

हा मेल मी नाशिकरोडला, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून वाचला. तिथून लॅम रोडने रिक्षा धरली की देवळाली कॅम्प फार लांब नाही. कुठल्या तरी दूरच्या देशातलं एक कार्यालय मला विचारत होतं की हे देवळाली काय आहे, आणि त्याचा प्रकाशक कोण.

मला जरा जास्तच लाज वाटली, कारण संदर्भसूच्या लावून देणं हा माझा जोडधंदा आहे. दिवसा मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांना माझा पगार विचारायची गरज नाही, आणि ज्यांना माहीत नाही त्यांचा सांगून विश्वास बसणार नाही. म्हणून रात्री मी डॉक्टरांचे संदर्भ लावते. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्या नाशकात आहे. राज्यभरातले एमडी-एमएस करणारे रेसिडेंट त्याच्यासाठी थिसीस लिहितात, आणि छत्तीस तासांची ड्यूटी करून आलेल्या माणसाला स्वल्पविराम कुठे द्यायचा हे सुचत नाही. एका संदर्भाला सहा रुपये. डीओआय शोधून द्यायचा असेल तर आठ.

डॉक्टरांची शैली व्हँकुव्हर. १९७८ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक एकत्र बसले. प्रत्येक नियतकालिकाची मांडणी वेगळी असायची, त्यामुळे एकाने नाकारलेला पेपर दुसऱ्याकडे पाठवायचा तर टाइपरायटरवर सगळा नव्याने बडवावा लागायचा. या संपादकांनी एक समान पद्धत ठरवली. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, त्यांच्यामध्ये टिंब नाही. सहा लेखकांपर्यंत सगळ्यांची नावं, त्याहून जास्त असतील तर सहांनंतर 'एट अल'. (सातव्या क्रमांकावर कोण असतो ते मला माहीत नाही, पण मला तो नेहमी तासिका तत्त्वावरचा वाटतो.) नियतकालिकाचं नाव संक्षेपात. वर्षानंतर अर्धविराम, मग खंड, कंसात अंक, मग अपूर्णविराम, मग पानं, आणि या सगळ्यात कुठेही मोकळी जागा नाही. पान ५१ ते ५९ असेल तर नुसतं ५१-९.

हे काम यांत्रिक वाटतं, पण माणसं त्यात सारखी डोकावतात. एका डॉक्टरबाईंचे लग्नाआधीचे तीन पेपर होते आणि लग्नानंतरचे दोन. सूचीत त्या दोन वेगळ्या बायका झाल्या होत्या. अशा गोंधळासाठीच २०१२ पासून संशोधकांना ऑर्किड नावाचा एक कायमचा क्रमांक मिळतो, आडनाव बदललं तरी क्रमांक तोच. बाईंनी तो काढला नव्हता. मी काढून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. आणखी एका मुलाने मला ६२ संदर्भ पाठवले होते. डीओआय शोधायला बसले तर त्यातले अकरा सापडेनात. लेखक खरे, नियतकालिकं खरी, वर्षंही पटण्यासारखी, पण असा पेपर कुणी लिहिलेलाच नव्हता. फोन केला तर तो म्हणाला, "ताई, मी चॅटजीपीटीला विचारलं होतं. इतकं व्यवस्थित लिहून दिलं त्याने, मला वाटलं असतीलच." संदर्भ दिसायला अगदी बिनचूक होते, व्हँकुव्हरचा एकही नियम मोडलेला नव्हता.

पण ही भुताटकी यंत्राने आणलेली नाही. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने लेखकांना मार्गदर्शन म्हणून संदर्भाचा एक नमुना छापला होता: व्हॅन डेर गिअर आणि मंडळींचा, २००० सालचा, शास्त्रीय लेख कसा लिहावा याविषयीचा पेपर. पेपर काल्पनिक, नियतकालिकही काल्पनिक. तरी खऱ्याखुऱ्या पेपरांच्या सूच्यांमध्ये त्याचा संदर्भ शेकडो वेळा येऊन गेला. काहींनी नमुना पुसायचा विसरून तसाच ठेवला असणार. ॲन-विल हार्झिंग या अभ्यासिकेने २०१७ मध्ये त्याचा माग काढला, तेव्हा ही गंमत सगळ्यांना कळली. मी हा किस्सा गिऱ्हाइकांना सांगते. ते हसतात आणि पुढच्या वेळी पुन्हा न वाचलेले संदर्भ पाठवतात.

आता संदर्भ क्रमांक ७.

फोनमधला कॅल्क्युलेटर उघडा. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. मी २०२५ घेते. अंक उतरत्या क्रमाने लावले की ५२२०, चढत्या क्रमाने ०२२५. वजाबाकी ४९९५. पुन्हा तेच: ९९५४ वजा ४५९९, आले ५३५५. मग १९९८, मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. आणि ६१७४ ला तेच केलं की ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. आता इथून बाहेर पडता येत नाही. कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथेच येता.

हे दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी शोधलं. जन्म डहाणूचा, १९०५. फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२७ ला रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ ला बीएस्सी. पुढे शिकले नाहीत. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. विद्यापीठात जागा नाही, गाइड नाही, पीएचडी नाही. स्वतःच्या पैशाने परिषदांना जायचे आणि आकड्यांच्या गमती सांगायचे. तिथल्या बऱ्याच मोठ्या लोकांना ते पोरखेळ वाटायचे. ६१७४ बद्दल त्यांनी १९४९ च्या मद्रासच्या गणित परिषदेत सांगितलं. न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'त ते १९५५ साली छापून आलं, खंड २१, पान ३०४. संदर्भात एकच पान असतं. बाकी पुष्कळसं त्यांनी स्वतःच पुस्तिका काढून छापलं.

त्यातलीच एक पुस्तिका म्हणजे माझा क्रमांक ७. निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षीची.

तिचा विषय आहे स्वयंभू संख्या. १५ घ्या, त्यात तिचे अंक मिळवा, १५ अधिक १ अधिक ५, झाले २१. म्हणजे २१ चा जनक १५. आता २० चा जनक शोधा. सापडणार नाही. कुठल्याही संख्येत तिचे स्वतःचे अंक मिळवून २० होत नाहीत. मग ३१, ४२, ५३, ६४ यांचाही जनक नाही. अशा संख्या कापरेकरांनी १९४९ मध्ये मांडल्या. माझा पेपर याच संख्यांचा आहे, पण दहाऐवजी दुसऱ्या सम पायांतल्या. (विषम पायांत मजा नाही. तिथे प्रत्येक विषम संख्या आपोआप स्वयंभू होते, दोन ओळींत सिद्ध करता येतं.)

इंग्रजीत या संख्यांना तीन नावं आहेत. एक सेल्फ नंबर्स, कापरेकरांचंच. दुसरं देवळाली नंबर्स, क्वचित कुणी वापरतं. तिसरं कोलंबियन नंबर्स. १९७४ च्या 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'त कोलंबियाच्या बर्नार्डो रेकमान यांच्या नावाने याच संख्यांवरचा प्रश्न आहे, त्यावरून ते नाव पडलं. पुढच्याच वर्षी, मार्च १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि जगाला देवळालीचा पत्ता कळला. तोवर पहिली मांडणी होऊन पंचवीस-सव्वीस वर्षं झाली होती. रेकमान यांनी काही चोरलं नव्हतं. देवळाली कॅम्पच्या एका घरातून निघालेली पुस्तिका बोगोटाच्या ग्रंथालयात कशी पोचणार? ज्या गोष्टीला खंड नाही, अंक नाही, प्रकाशक नाही, ती कुणाच्या सूचीत येत नाही. आणि सूचीत नसलेली गोष्ट कुणालातरी पुन्हा नव्याने सापडते, नवं नाव घेऊन.

म्हणून मला क्रमांक ७ ठेवायचा होता. त्यासाठी भांडायला मी तयार होते. मेलला बाणेदार उत्तरही लिहायला घेतलं. दुसऱ्याच परिच्छेदात अडकले, कारण मला लिहायचं होतं, 'सदर पुस्तिकेत लेखकाने...' आणि पुढे काय लिहायचं ते मला ठाऊक नव्हतं.

मी ती पुस्तिका कधी पाहिलेली नव्हती.

मी तो संदर्भ एका पेपरच्या सूचीतून उचलला होता. त्याने तो दुसऱ्याच्या सूचीतून उचलला असावा. मी मागे जायला लागले. कुठे घर क्रमांक होता, कुठे नव्हता. कुठे 'द न्यू' होतं, कुठे नुसतं 'न्यू'. इंटरनेटवर फिरणाऱ्या एका रूपात पानं १९-२० दिली होती, म्हणजे साखळीत कुणीतरी एकाने पुस्तिका उघडून पाहिली होती, पण त्याच रूपात गावाचं नाव 'देवाइआली' झालं होतं. रोमन लिपीत एल आणि आय शेजारी ठेवून बघा, कसं झालं असेल ते कळेल. आणि एकदा झालं की पुढचा तसंच उतरवतो. देवळालीला कधी न आलेल्याला देवाइआली खटकायचं कारण काय? (इंग्रजांनी तर या गावाचं त्याहून वाईट केलं. मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत त्यांचे सैनिक इथल्या छावणीत कंटाळून जायचे. डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलाली' म्हणतात, तो शब्द देवळालीचा.)

यावर अभ्यास झालेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मिखाईल सिमकिन आणि वाणी रॉयचौधुरी यांनी २००३ मध्ये एक साधी युक्ती केली. संदर्भांमधल्या छपाईच्या चुका बघितल्या. पान क्रमांक चुकवणं सोपं, पण वेगवेगळ्या लोकांनी एकच चूक करणं कठीण. तीच चूक पुन्हा पुन्हा दिसली तर ती नकललेली आहे. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्यांपैकी पाचातला साधारण एकच मूळ लेख वाचतो. त्यांच्या पेपरचं नावच आहे, संदर्भ देण्याआधी वाचा. हा पेपर मात्र मी वाचला. इतर चार जणांत मीही होते, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

चॅटजीपीटीवाल्या मुलाला मी फोनवर चांगली दहा मिनिटं सुनावली होती. ती दहा मिनिटं त्या रात्री मला शब्दन् शब्द आठवली.

पहिले तीन दिवस शोधण्यात गेले. शहरातल्या दोन ग्रंथालयांत गेले. एका ठिकाणी ग्रंथपालांनी मनापासून कार्डं चाळली, म्हणाले, "पुस्तिका ना, पाठकणा नसलेली? ती उभी राहत नाही हो कपाटात. दोन जाड पुस्तकांच्या मध्ये गेली की गेली." दुसऱ्या ठिकाणी मला ६१७४ ची गंमत करून दाखवावी लागली आणि काउंटरवरच्या बाईंनी आपल्या मुलासाठी ती कागदावर उतरवून घेतली. पुस्तिका नव्हती. ओळखीच्या गणिताच्या सरांना फोन झाले. प्रत्येकाने कापरेकरांबद्दल भरभरून सांगितलं, पुस्तिका कुणाकडेच नव्हती.

चौथ्या दिवशी गाइड मॅडमकडे गेले. त्यांनी मेल वाचला आणि चष्मा काढला.

"काढून टाक."

"मॅडम, कल्पना त्यांची आहे."

"मग वाक्यात लिही ना, कल्पना कापरेकरांची. कोण नाही म्हणतंय? सूची वेगळी. सूची वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असते. त्याला तिथे जाऊन बघता आलं पाहिजे. तुला स्वतःला नाशकात राहून बघता आलं नाही, ते पोर्तुगालमधल्या पोराला कुठून दिसणार?"

त्यांचं चूक नव्हतं. संदर्भ हा पत्ता असतो. हार्वर्ड शैली म्हणून आपण जी लेखक-वर्ष पद्धत वापरतो, ती १८८१ मध्ये एडवर्ड मार्क नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने शंख नसलेल्या एका गोगलगायीवरच्या पेपरात पहिल्यांदा वापरली म्हणतात. त्याचाही उद्देश हाच, वाचणाऱ्याला लगेच कळावं की कुठे बघायचं. वाचणाऱ्याने उठून जावं, कपाट उघडावं, पान काढावं, आणि म्हणावं, हो, आहे. पत्त्यावर कुणी सापडत नसेल तर तो पत्ता कसला?

पण सूचीचं दुसरंही एक काम आहे. फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्डने १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स काढला, तेव्हापासून सूच्या मोजल्या जातात. कुणाला किती जणांनी उद्धृत केलं ते तिथून ठरतं. आता हे मोजणं यंत्रं करतात, आणि यंत्रं मोजतात ती सूची. वाक्यात मी कापरेकरांचं कितीही कौतुक केलं तरी ते तिथे जमा होत नाही. मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्यांना आता कुठे प्रमोशन घ्यायचंय?" मग जरा थांबून म्हणाल्या, "तुला घ्यायचंय. मुदत चुकवू नकोस." आणि कपाटातून गार्डनरचं 'टाइम ट्रॅव्हल अँड अदर मॅथेमॅटिकल बिविल्डरमेंट्स' हे १९८८ सालचं पुस्तक काढून दिलं. कापरेकरांचा मजकूर त्यात आहे. "हे वाच. निदान हे तरी वाचलेलं असू दे."

घरी आले तर बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. बाबा सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झाले. तिकिटं, पासपोर्ट, स्टॅम्प पेपर. आयुष्य तपासणीच्या टेबलावर गेलं. अजूनही घरात आलेली लग्नपत्रिका ते आधी भिंगाखाली धरतात आणि मग मुलगी कोणाची ते बघतात. मी त्यांना सगळं सांगितलं, कारण चार दिवस मी जेवताना बोलत नव्हते आणि आईने त्यांना विचारायला लावलं होतं.

ते म्हणाले, "प्रकाशक नाही म्हणजे? छापलंय ना?"

"स्वतः छापलंय त्यांनी."

"स्वतः म्हणजे काय घरात मशीन होतं? कुठल्यातरी प्रेसमध्येच छापलं असणार. आणि तेव्हा भारतात छापलेल्या पुस्तकावर छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण टाकावंच लागायचं. कायदा होता, १८६७ चा. प्रकाशित केलं असेल तर प्रकाशकाचंही. शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात बघ, असणारच."

"बाबा, पुस्तिकाच मिळत नाहीये."

"मग ज्यांनी ज्यांनी तिचं नाव लिहिलंय, त्यांच्यापैकी एकानेही छापखान्याचं नाव लिहिलेलं नाही?"

नव्हतं. चार दिवसांत चाळलेल्या सगळ्या सूच्या आठवल्या, एकातही नव्हतं. देवळालीत किंवा नाशकात एखाद्या छापखान्यात कुणीतरी खिळे जुळवले असतील. आकड्यांनी भरलेलं पुस्तक, म्हणजे कंपॉझिटरचे हाल. एक अंक चुकला तर संख्याच बदलायची. त्या माणसाचं, निदान त्याच्या छापखान्याचं नाव, कायद्याने त्या पुस्तिकेवर असायला हवं. आमच्यापैकी कुणी तिथवर पोचलंच नव्हतं. आम्ही सगळे 'खासगीरीत्या छापलेलं' एवढंच उतरवून पुढे निघालो होतो.

त्या रात्री मी संदर्भ लावायला बसले. संदर्भ सांभाळायला मी झोटेरो वापरते. त्यात नवा नग टाकताना विचारतात: पुस्तक, नियतकालिकातला लेख, थिसीस, पेटंट, संकेतस्थळ? पुस्तक निवडलं की प्रकाशकाचा रकाना समोर येतो आणि रिकामा राहतो. काही जण तिथे देवळाली कॅम्प टाकतात, जणू ती प्रकाशनसंस्था आहे. मग मला बिबटेक आठवलं. गणितवाले ज्या लाटेक प्रणालीत पेपर लिहितात, तिच्यासाठी ओरेन पटाश्निक आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८५ मध्ये केलेला संदर्भांचा प्रोग्रॅम. त्याच्या प्रकारांत एक आहे 'बुकलेट', आणि माहितीपत्रकात त्याची व्याख्या अशी की छापलेलं आणि बांधलेलं, पण प्रकाशकाचं किंवा संस्थेचं नाव नसलेलं. सक्ती फक्त एकाच गोष्टीची, शीर्षकाची. लेखकसुद्धा ऐच्छिक. वर्षानुवर्षं हा प्रोग्रॅम वापरतेय, हा प्रकार कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. शिवाय त्यात एक रकाना आहे, कसं प्रकाशित झालं ते आपल्या शब्दांत लिहिण्यासाठी. नियमांच्या जंगलात एवढी मोकळी जागा कुणीतरी ठेवली होती.

त्या रकान्यात मी लिहिलं: लेखकाने स्वतः छापून घेतलेली पुस्तिका, ३११ देवळाली कॅम्प, देवळाली, नाशिक जिल्हा. आणि खाली टीप जोडली: प्रस्तुत लेखिकेला मूळ पुस्तिका पाहता आलेली नाही; कापरेकरांच्या या कामाची ओळख संदर्भ ८ मध्ये आहे. संदर्भ ८ गार्डनर, जो मी आता खरोखर वाचला होता, दोनदा.

ही टीप लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पहिल्या पेपरात कोण लिहितं की मी हे वाचलेलं नाही? मुलाखतीत समोर बसलेल्या एखाद्याने हीच ओळ काढून विचारलं तर? दोनदा पुसली. तिसऱ्यांदा लिहिली आणि ताबडतोब पाठवून दिली, म्हणजे पुन्हा पुसता येणार नाही. उरलेले एकोणीस संदर्भही नंतर एकेक उघडून पाहिले. सतरा वाचलेले होते. दोन नव्हते. एक वाचून ठेवला आणि दुसरा काढून टाकला, कारण वाचल्यावर कळलं की त्याचा माझ्या पेपरशी संबंधच नव्हता. एवढा साधा बदल होता, पण क्रमांक सरकले आणि सगळी सूची पुन्हा पाठवावी लागली.

कार्यालयाने काही वाद घातला नाही. आठवड्याने पेपर स्वीकारल्याचा मेल आला. आईने शेवयांची खीर केली.

दीड महिन्याने प्रूफ आलं. पीडीएफ, आणि अठ्ठेचाळीस तासांची मुदत. प्रूफात शेजारी छोट्या छोट्या शंका असतात, या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे ना, ही आकृती इथेच हवी का. मी समीकरणं तपासली. उणे चिन्ह जागेवर होतं. माझं नाव बरोबर होतं, आद्याक्षरांसकट. मी खूश होऊन फोन बाबांना दिला. त्यांनी तो लांब धरला, मग म्हणाले, "छापून आण." कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून सतरा पानं काढून आणली. बाबांनी भिंग घेतलं. त्यांना गणितातलं काही कळत नाही, ते फक्त अक्षरं बघतात, ठसा बघतात, ओळी सरळ आहेत का ते बघतात. तासाभराने शेवटच्या पानावर आले.

"हा आकडा ठळक का गं?"

संदर्भ क्रमांक ७. कापरेकर, शीर्षक तिरक्या अक्षरात, आणि पुढे ठळक टाइपात ३११, कंसात १९६३. शेजारी शंका: कृपया पान क्रमांक द्यावेत.

त्यांच्या यंत्राने घर क्रमांक उचलून खंड क्रमांक केला होता. बरोबरच आहे, त्याच्या लेखी आकडा म्हणजे खंड. तीनशे अकरा खंड निघालेल्या कुठल्यातरी नियतकालिकाचा हा तीनशे अकरावा खंड. देवळाली कॅम्प पुढे नुसतंच लोंबकळत राहिलं होतं. माझी टीप मात्र जशीच्या तशी होती.

मी लॅपटॉप उघडला आणि दुरुस्तीच्या चौकटीत लिहिलं: ३११ हा खंड नाही, घराचा क्रमांक आहे. ठळक करू नये, देवळाली कॅम्पच्या आधी लावावा. पान क्रमांक लागू नाहीत, पूर्ण पुस्तिका.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं."

त्यांनी क्रमांक ७ समोर पेन्सिलने बारीक बरोबरची खूण केली, भिंग पुसलं आणि क्रमांक ८ पासून पुढे वाचायला लागले.